वार एक की दोन?

जुळं आहे असं सोनोग्राफीत कळलं की घरातले पहिले प्रश्न ठरलेले असतात. दोघं सारखी दिसतील का? कोणाच्या घराण्यात आधी जुळी होती? जोडकेळं खाल्लं होतंस का, असं एखादी आजी हसत हसत विचारते. मुलगा की मुलगी हे विचारायला कायद्याने बंदी आहे, तरी मनात ते असतंच. रिपोर्ट मात्र फाइलला लागतो, आणि त्यातली जी ओळ पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक ठरवते ती बहुतेक घरांत कोणी वाचत नाही. ‘डायकोरिऑनिक’ किंवा ‘मोनोकोरिऑनिक’ असं त्या ओळीत असतं. सरळ सांगायचं तर दोन्ही बाळांना स्वतंत्र वार आहे, की दोघांत मिळून एकच.

जुळ्यांच्या गर्भारपणातल्या भल्याबुऱ्याचा हिशेब इथून सुरू होतो. बाळं दिसायला कशी असतील हे वारेवरून नेहमीच सांगता येत नाही, पण पोटात ती किती सुरक्षित आहेत याचा अंदाज येतो. माझं तर मत आहे की केसपेपरच्या पहिल्याच पानावर, रक्तगटाच्या शेजारी, वारांची संख्या लाल शाईने लिहायला हवी.

जुळ्यांच्या दर तीन जोड्यांपैकी साधारण दोन जोड्या दोन वेगवेगळ्या स्त्रीबीजांपासून होतात. एका महिन्यात एकाऐवजी दोन बीजं सुटली आणि दोन्ही फळली, की झाली जुळी. अशी भावंडं इतर कुठल्याही सख्ख्या भावंडांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळची नसतात. फक्त एकाच वेळी पोटात असतात. आईचं वय तिशीपुढे सरकलं, आधीची बाळंतपणं जास्त झाली असली, तिच्या आईला किंवा बहिणीला जुळी झाली असली, तर ही शक्यता वाढते. सासरच्या घराण्यात कितीही जुळी असोत, त्याने सुनेच्या पोटी जुळी होत नाहीत, कारण बीजं सुटतात ती तिची. नवऱ्याकडे हा गुण आला असेलच तर तो पुढे त्याच्या लेकीच्या बाळंतपणात दिसेल. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या योरुबा लोकांमध्ये अशी जुळी जगात सर्वांत जास्त, जपानमध्ये फार कमी. एका बीजाची जुळी मात्र कुठल्याही देशात हजार बाळंतपणांमागे साडेतीन-चारच्या आसपासच. त्यांना ना घराणं लागतं ना हवापाणी. फळलेलं एकच बीज दुभंगतं आणि त्याची दोन बाळं होतात.

ते कितव्या दिवशी दुभंगतं, याला फार महत्त्व आहे. पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोघांना स्वतंत्र वार आणि स्वतंत्र पाण्याची पिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दुभंगलं तर वार एक, पिशव्या दोन. एकबीज जुळ्यांतली बहुसंख्य या गटातली. त्यानंतर दुभंगलं तर पिशवीसुद्धा एकच. तेराव्या दिवसानंतर फूट पडली तर ती पुरती पडत नाही आणि शरीरं जोडलेली राहतात. अशी सयामी जुळी पन्नास हजार ते एक लाख जन्मांमागे एखादी. तेव्हा ‘वारा दोन आहेत, म्हणजे मुलं वेगवेगळी दिसणार’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं चुकतंय. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांना दोन वारा असतात. उलट, वार एकच असेल तर ती जवळजवळ नेहमीच एकबीज असतात.

वारा मोजायची वेळ ठरलेली आहे: अकरावा ते चौदावा आठवडा. पडद्यावर पाण्याच्या दोन काळ्या पोकळ्या दिसतात, प्रत्येकीत एक बाळ हलत असतं. मधला पडदा जिथे वारेला जाऊन टेकतो तिथे डॉक्टर प्रोब तिरका करून थांबतात. शेजारी शेजारी वाढलेल्या वारा दोन असतील, तर त्या जागी वारेचा करडा भाग पाचर मारल्यासारखा पडद्याच्या थरांमध्ये वर चढलेला दिसतो. ग्रीक लिपीतल्या लॅम्डा अक्षराशी त्याचा आकार जुळतो, म्हणून त्याला लॅम्डा साइन म्हणतात. वार एकच असेल तर पाचर नसते; अतिशय पातळ पडदा वारेला काटकोनात भिडतो आणि तिथे इंग्रजी ‘टी’ उमटतो. तो फोटो छापून रिपोर्टला जोडायचा असतो. चौथा महिना सरला की ती पाचर विरत जाते. पाचव्या महिन्यात पहिल्यांदाच सोनोग्राफीला आलेल्या बाईच्या बाबतीत मुरलेल्या तज्ज्ञालाही खात्रीने सांगणं अवघड होऊन बसतं.

आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. इतर देशांत उशिरा आलेल्या बाईच्या पोटात एक मुलगा आणि एक मुलगी दिसली की प्रश्न मिटतो: बीजं दोन, म्हणून वारा दोन. डॉक्टर तसं लिहूनही टाकतात. आपल्याकडे लिंग सांगणं, लिहिणं किंवा खुणेने सुचवणंही गुन्हा आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्याआधी, १९८८ मध्येच, महाराष्ट्राने असा कायदा केला होता आणि तो का करावा लागला हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. कायदा हवाच. पण त्यामुळे उशिरा उपयोगी पडणारी एक खूण आपल्या सोनोलॉजिस्टला कागदावर वापरता येत नाही, आणि तिसऱ्या महिन्याची तपासणी चुकवणं आपल्याला इतरांपेक्षा महाग पडतं. शंका उरलीच तर वार एकच आहे असं धरून चालायचं. जास्त तपासण्या झाल्या तर फारसं बिघडत नाही, कमी झाल्या तर बिघडतं.

याच सुरुवातीच्या काळात आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल घरात फार कमी बोललं जातं. सातव्या आठवड्यात दोन ठोके दिसलेले असतात, बाराव्यात एकच दिसतो. दुसरा गर्भ वाढायचा थांबून शरीरात जिरून जातो. हे बऱ्याचदा होतं, बहुधा उपचार लागत नाहीत आणि राहिलेलं बाळ सहसा व्यवस्थित वाढतं. बाईला मात्र ‘एक तर आहे ना’ एवढ्यावर समाधान मानायला सांगितलं जातं, हे मला बरं वाटत नाही.

वारा दोन असोत की एक, जुळ्यांचं सर्वांत मोठं संकट म्हणजे दिवस पुरे न होणं. निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात, आणि साधारण दहातली एक जोडी बत्तीस आठवड्यांच्याही आत. तिळ्यांचा सरासरी मुक्कामच बत्तीस आठवड्यांच्या आसपास. गर्भपिशवी दोघांच्या भाराने लवकर ताणली जाते, कळा वेळेआधी सुरू होतात किंवा पाणमोट फुटते. कधी आईचा रक्तदाब किंवा बाळाची खुंटलेली वाढ पाहून डॉक्टरांनाच बाळंतपण आधी उरकावं लागतं. ‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही आपल्याकडची समजूत इथे घातक ठरू शकते. फुप्फुसं, मेंदू, आतडी यांच्यासाठी पोटातला प्रत्येक आठवडा जमेचा असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं.

मग दिवस भरावेत म्हणून काय करायचं? ‘अंथरुणावरून उठू नकोस’ हा सल्ला सासू देते, आई देते, शेजारीण देते, काही डॉक्टरही देतात. गुंतागुंत नसलेल्या जुळ्यांच्या आईला सक्तीने झोपवून ठेवल्याने बाळंतपण लांबतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो आणि अंगातली ताकद जाते. पाण्याचे हंडे उचलू नयेत, उन्हातान्हात राबू नये, हे खरं. पण पाच महिने खाटेवर पडून राहणं ही शिक्षा झाली, उपचार नव्हे. ‘जुळं आहे म्हणून टाका घालून घ्या’ हेही तसंच. गर्भपिशवीच्या तोंडाला सरसकट टाका घातल्याने जुळी उशिरा होत नाहीत. तो काही ठरावीक बायकांसाठीच असतो.

जे खरंच उपयोगी पडतं ते दिसायला साधं आहे. न्यूझीलंडमधले ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. पोटात असतानाच स्टिरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरं अपेक्षेपेक्षा नीट श्वास घेत होती, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे रॉस हावी यांच्यासोबत त्यांनी बायकांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. आईला बाळंतपणाआधी दिलेली ही इंजेक्शनं बाळाच्या फुप्फुसांची तयारी करून घेतात. आपल्या सरकारी दवाखान्यांत यासाठी डेक्सामेथासोन वापरतात, बारा-बारा तासांनी चार मात्रा. औषध अगदी स्वस्त, पण त्याला वेळ मिळायला हवा. म्हणून कळा सुरू झाल्यावर ‘अजून दोन महिने आहेत, नुसतं पोट दुखत असेल’ म्हणून घरी थांबायचं नाही. आणि गाडी काढायचीच तर जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच जायचं. एक किलोच्या दोन बाळांना जन्मानंतर अँब्युलन्समधून हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असतानाच हलवणं केव्हाही चांगलं.

आईचं काय? तिला सगळंच दुप्पट नाही, पण पुष्कळ जास्त सोसावं लागतं. उलट्या जास्त, दम लवकर लागतो, रक्त कमी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या होत्या. त्यात दोघांसाठी लोह पुरवायचं म्हणजे खड्डा आणखी खोल. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाणं, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, जुळ्यांमध्ये दुप्पट-तिप्पट वेळा होतो. त्यासाठी चौथ्या महिन्याच्या आसपास रात्री घ्यायची ॲस्पिरिनची छोटी गोळी अनेकींना सुरू करतात. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं या तक्रारी ‘जुळं आहे, चालायचंच’ म्हणून सोडून द्यायच्या नसतात. बाळंतपणानंतर ताणलेली पिशवी नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव होतो. म्हणून जुळ्यांचं बाळंतपण रक्त मिळेल अशाच ठिकाणी व्हावं.

आता एका वारेकडे येऊ. दोन बाळं एकाच वारेवर वाढणं म्हणजे दोन भावांची सामाईक विहीर. वाटा बरोबर निम्मा क्वचितच असतो, आणि बांधाखालून दोघांचे पाट एकमेकांना जोडलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिश शात्झ यांनी वारेतल्या या जोडरक्तवाहिन्यांचा बारकाईने अभ्यास केला. दोन्ही बाळांच्या अभिसरणांच्या पलीकडे हे एक तिसरंच अभिसरण आहे, असं त्यांनी मांडलं. बहुतेक वेळा देवाणघेवाण बरोबरीची राहते. पण एका वारेच्या शंभर जोड्यांपैकी दहा-पंधरांमध्ये ओघ एकाच दिशेला लागतो, साधारणपणे चौथ्या ते सहाव्या महिन्यात.

तेव्हा पोटात काय चालतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. गर्भाभोवतीचं पाणी म्हणजे चौथ्या महिन्यानंतर मुख्यतः बाळाची लघवीच. ज्याचं रक्त जातं त्या बाळाची मूत्रपिंडं पाणी राखून ठेवू लागतात, लघवी कमी होते, पिशवीतलं पाणी आटतं आणि पातळ पडदा त्याच्या अंगाला चिकटून बसतो. सोनोग्राफीत ते गर्भपिशवीच्या भिंतीला खिळल्यासारखं दिसतं. ज्याला रक्त मिळतं त्याची चैन होते असं वाटेल, पण त्याचीही कोंडीच असते. जादा रक्त ढकलून हृदय थकतं, लघवी भरमसाट होते, पाणी वाढत जातं. एकीकडे पाण्याची खोली आठ सेंटिमीटरच्या वर, दुसरीकडे दोनच्या खाली, असं दिसलं की निदान झालं. आईला एवढंच जाणवतं की आठवड्याभरात पोट एकदम तट्ट फुगलं आणि धाप लागते. वाढलेला आजार नुसता बघत बसलं तर दहांतली आठ-नऊ बाळं हाताला लागत नाहीत.

पूर्वी सुईने जादा पाणी काढत. आराम पडे, पण रक्ताचा ओघ तसाच राही. अमेरिकेतले ज्युलियन डी लिया यांनी १९८८ मध्ये थेट त्या वाहिन्याच लेझरने बंद करायला सुरुवात केली. २००४ मध्ये युरोपातल्या चाचणीचे निष्कर्ष आले: लेझर केलेल्या गटात किमान एक बाळ जगण्याचं प्रमाण ७६ टक्के, पाणी काढलेल्या गटात ५६. शिवाय लेझरच्या गटातल्या बाळांच्या मेंदूला इजाही कमी. शस्त्रक्रिया अशी होते: आई जागी असते, पोटाची जागा बधिर केलेली. दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण जास्त पाणी असलेल्या पिशवीत शिरते. पडद्यावर वारेचा पृष्ठभाग दिसतो, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या. वारेवर रोहिणी नीलेच्या वरून जाते आणि रंगाने गडद असते, कारण बाळाकडून येणारं अशुद्ध रक्त तीच आणते. सर्जन एकेका वाहिनीचा माग काढत जातात. जी एका बाळाच्या नाळेकडून निघाली आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरली, ती नेमकी जाळायची. सगळ्या सांध्यांवर लेझर फिरला की जळालेले ठिपके जोडणारी एक रेषही हल्ली जाळून काढतात, म्हणजे डोळ्याला न दिसलेला एखादा बारीक सांधा उरायला नको. शेवटी जादा पाणी काढून घेतात. लिटर-दोन लिटर सहज निघतं. देशात हे मोजक्याच शहरांतल्या केंद्रांत होतं आणि वेळेत पोचलं तरच उपयोग.

वेळेत पोचण्यासाठी वेळेत कळायला हवं. म्हणून एका वारेच्या आईची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करतात. दोन वारांच्या आईला चार आठवड्यांचं अंतर चालतं. ‘इतक्या वेळा कशाला, पैसे काढायचे धंदे’ असं ज्यांना वाटतं, त्यांना मी दोष देत नाही. तसे अनुभव लोकांना येतात. पण या एका बाबतीत तो संशय परवडणारा नाही.

या सांध्यांमुळेच आणखी एक कठीण प्रसंग येतो. एका वारेच्या जोडीतलं एक बाळ पोटात गेलं, तर त्याचा रक्तदाब शून्यावर येतो आणि जिवंत बाळाचं रक्त त्याच्याकडे धावतं. यात दुसरंही दगावण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, आणि जगलंच तर मेंदूला इजा होण्याची सुमारे २५ टक्के. घरचे म्हणतात, ‘लगेच सिझर करून उरलेलं काढा.’ पण जे व्हायचं ते बाळ गेल्यानंतरच्या थोड्याच वेळात होऊन गेलेलं असतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ घाईने बाहेर काढलं तर त्यात अपुऱ्या दिवसांचा त्रास वाढतो. डॉक्टर थांबतात ते निष्काळजीपणाने नव्हे. काही आठवड्यांनी एमआरआय करून मेंदू पाहतात. दोन वारा असतील तर हीच दुर्घटना दुसऱ्या बाळाला सहसा बाधत नाही.

वारही एक आणि पिशवीही एक, असं असेल तर दोघांच्या नाळा एकमेकींत गुंततात, जवळजवळ प्रत्येक जोडीत. अशा बाळांना बत्तीस ते चौतीस आठवड्यांत सिझेरियनने बाहेर काढतात. एक वार, दोन पिशव्या असल्या आणि सगळं सुरळीत असलं तर छत्तीस-सदतीस आठवडे; दोन वारा असल्या तर सदतीस-अडतीस. जुळ्यांमध्ये चाळीस आठवडे पुरे करायचा हट्ट कोणी धरू नये. अडतीसनंतर पोटात बाळ दगावण्याचा धोका वाढू लागतो.

जुळं म्हणजे सिझरच, हे आपल्याकडे जवळपास गृहीत असतं. २०१३ मध्ये पंचवीस देशांतल्या २८०४ बायकांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर ठरवून केलेलं सिझेरियन आणि नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न यांत बाळांच्या दृष्टीने फरक दिसला नाही. गंभीर त्रास एकीकडे २.२ टक्के, दुसरीकडे १.९. नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्यांपैकी ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझरच झालं, हेही खरं. कसोटी लागते ती दुसऱ्या बाळाच्या वेळी. पहिलं बाहेर आलं की अचानक जागा मोकळी होते आणि दुसरं आडवं फिरू शकतं. एक जण आईच्या पोटावर दोन्ही हात ठेवून त्याला सरळ धरून ठेवतो, त्याच्या हृदयाचे ठोके ऐकणं चालूच असतं, भूलतज्ज्ञ दाराशी उभे. कधी डॉक्टर आत हात घालून पाय पकडतात आणि बाळाला पायांकडून बाहेर आणतात. हे कसब नव्या पिढीत कमी होत चाललंय, आणि जिथे ते नाही तिथे सिझरच बरं. गावोगावी उसण उतरवायला ज्यांची लाथ खायला लोक जातात, त्या पायाळूंमध्ये जुळ्यांतली धाकटी बरीच असणार.

जुळी वाढत आहेत हे आकड्यांतही दिसतं. १९८०-८५ मध्ये जगात हजार बाळंतपणांमागे ९.१ जुळी होती, २०१०-१५ मध्ये १२. उशिरा लग्नं, उशिरा मुलं हे एक कारण. वंध्यत्वाचे उपचार हे त्याहून मोठं. बीज सुटण्यासाठी दिलेल्या साध्या गोळ्यांनीही शंभरात पाच-दहा वेळा जुळं राहतं. आयव्हीएफमध्ये तर संख्या आपल्याच हातात असते. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा एक गर्भ रुजला तरी नवल होतं. त्यामुळे जास्त गर्भ सोडण्यामागे तर्क होता. पुढे यश वाढलं, सवय राहिली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका बाईला आठ मुलं झाली. तिच्या गर्भाशयात बारा गर्भ सोडले होते. २०२१ मध्ये मालीच्या एका बाईला कासाब्लांकात नऊ झाली, तिसाव्या आठवड्यात, अर्धा ते एक किलोची, आणि नऊही जगली. अशा बातम्या वाचून लोक टाळ्या वाजवतात. त्यामागे कित्येक महिने काचेच्या पेट्यांशेजारी उभ्या राहिलेल्या नर्सची ड्युटी कोणी मोजत नाही.

ब्रिटनने एका वेळी एकच गर्भ सोडण्याचा आग्रह धरला आणि तिथे आयव्हीएफमधल्या जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण १९९० च्या दशकातल्या २८ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६ टक्क्यांपर्यंत आलं. आपल्याकडे जोडप्याचा हिशेब वेगळा असतो: कर्ज काढून एकदाच उपचार करायचे, तर दोन होऊन कुटुंब पुरं व्हावं. हिशेब समजण्यासारखा आहे, पण पॅकेजच्या पत्रकात नवजात अतिदक्षता विभागाचं बिल धरलेलं नसतं. तिळी-चौळी राहिली तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात संख्या कमी करण्याचा पर्याय डॉक्टर पुढे ठेवतात. मूल होण्यासाठी वर्षानुवर्षं झुरलेल्या जोडप्याला तो ऐकणंही जड जातं. तिथेही आधी वारा मोजाव्या लागतात, कारण वार सामाईक असेल तर एकाला दिलेलं औषध दुसऱ्यापर्यंत पोचतं आणि नाळ बंद करण्याची वेगळी पद्धत वापरावी लागते.

जन्मानंतरची लढाई प्रदेशाप्रमाणे बदलते. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २००९-१४ च्या सुमारास हजार जुळ्यांपैकी २१३ मुलं पाच वर्षांची होण्याआधीच जात होती. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांनी चित्र पुष्कळ बदललं आहे. यंत्रांइतकीच आणखी दोन गोष्टींची मदत होते. एक, ऊब. बोगोटामधल्या डॉ. एडगर रे यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांतल्या २०२१ च्या चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असं ठेवल्याने मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. जुळी असतील तर एक आईच्या छातीशी आणि एक बापाच्या किंवा आजीच्या. यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरं, दूध. ओढायची ताकद नसलेल्या बाळांना आधी नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. आईचं दूध उतरायला वेळ लागला तर पेढीतलं दूध मिळतं. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

घरी आल्यावर वाढ मोजताना बाळाचं वय ठरल्या तारखेपासून धरायचं. दोन महिने आधी जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ चार महिन्यांच्या बाळासारखं वागलं तर ते मागे पडलेलं नाही. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण जुळ्यांत एकट्या बाळांच्या चौपटीच्या आसपास असतं, तरी बहुसंख्य जुळी त्यातून सुटतात. मान धरणं, बसणं यांत फार उशीर दिसला तर वाट न पाहता दाखवायला हवं. सर्वांत जास्त चुकते ती डोळ्यांची तपासणी. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. बाराशे ग्रॅमच्या आतल्यांचा तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढत असतील तर तेव्हा लेझरने त्या थांबवता येतात. पुढे ते जमत नाही आणि नजर जाते. दवाखान्यातून सुट्टी मिळाली, बाळं दूध ओढू लागली, की ही तारीख घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. तपासणी दोघांची स्वतंत्र करायची. एकाचा पडदा नीट निघाला म्हणून दुसऱ्याचा नीट असतोच असं नाही, मग दोघं एकाच वारेवर वाढलेली का असेनात.